न आलेल्या माणसाचं पान

माझ्या लेकीला सोळाव्या वाढदिवसाला केक नको होता, मासे हवे होते. तेही जपानी. गेली काही वर्षं तिला जपानचं वेड लागलं होतं. फोनवर धडे घेत घेत ती बऱ्यापैकी जपानी बोलायला शिकली होती, आणि मी मराठीत विचारलेल्या प्रश्नांना मात्र इंग्रजीत उत्तरं द्यायची. कुवेतमध्ये वाढलेली मुलं बहुतेक अशीच. मी आपलं मराठी सोडलं नव्हतं आणि तिनं तिचं इंग्रजी.

ठिकाणही तिनंच शोधलं. कुवेत शहरातल्या शर्कमध्ये, मासळी बाजारापासून चालत जाता येईल अशा एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. माझं ऑफिस त्याच भागात. एका तेल प्रकल्पावर मी प्लॅनिंग इंजिनीयर आहे, म्हणजे कोणतं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे जुळवत बसणं हा माझा धंदा. त्या इमारतीखालून मी रोज जायचे. खाली एक टायपिंग सेंटर आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. वर असं काही असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

जिना चढून निळा कापडी पडदा बाजूला केला की आत एकदम अंधारल्यासारखं व्हायचं. लाकडी काउंटर, त्यापुढे ओळीनं खुर्च्या, मागे दोन-चार बैठी टेबलं, आणि भिंतीवर कोळ्यांच्या होड्यांचे जुने फोटो. जपानमध्ये अशी ठिकाणं दारूची असतात, सोबतीला मासे. कुवेतमध्ये दारूबंदी, त्यामुळे इथे फक्त मासेच उरले होते. तरी जपानी कंपन्यांतले साहेब लोक चिनीमातीच्या चंबूतून एकमेकांच्या पेल्यांत भाजक्या सातूचा थंडगार चहा ओतायचे, दोन्ही हातांनी, मान लववून, अगदी दारू ओतावी तसा. आणि थोड्या वेळानं खरंच चढल्यासारखे गप्प व्हायचे.

मालकीण साठीच्या पुढची. जपानच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा किनाऱ्यावरची. तिच्याकडे फक्त त्या किनाऱ्यावरचं जेवण मिळायचं. विमानानं येणारे मासे, सुकवलेलं माकूळ म्हणजे स्क्विड, समुद्री शेवाळाचं पाणी. जे तिकडून येत नसे त्याच्या जागी बाजारातलं पापलेट, ज्याला इथे झुबैदी म्हणतात. ते ती आपल्या पद्धतीनं शिजवायची. त्या दिवशी तिनं सुकं माकूळ निखाऱ्यावर धरलं आणि तो वास माझ्या नाकात शिरला. मी मूळची नाशिकची, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. मासे शिकले ते लग्नानंतर, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या सासरी. तो वास थेट सासूबाईंच्या चुलीवरच्या सोड्यांचा होता. मी लेकीला ते सांगत होते, तेवढ्यात काउंटरमागच्या खिडकीतून कुणीतरी मराठीत म्हणालं, "बांगडा पण घ्या ताई, आजचा आहे."

ते चाचा. श्रीवर्धनकडचे, पांढऱ्या दाढीचे. कुवेतमध्ये त्यांची हयात गेलेली. जलीबच्या कामगार वस्तीतल्या एका खोलीतून बसनं यायचे आणि मालकिणीच्या हाताखाली मासे साफ करायचे. मराठी ऐकून ते खूश झाले. मी तर झालेच.

काउंटरच्या अगदी शेवटच्या खुर्चीवर लेकीला बसायचं होतं, कारण तिथून स्वयंपाकघर दिसत होतं. मालकिणीनं हसत हसत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्हाला दुसऱ्या जागा दाखवल्या. मला वाटलं, कुणीतरी राखून ठेवली असेल. आम्ही बसल्यावर तिनं त्या जागेपुढे जेवण मांडलं. भाजलेला मासा, वाटीभर सूप, लोणचं, चॉपस्टिक्स, आणि झाकण असलेला काळा वाडगा भाताचा. खुर्चीवर कुणी नव्हतं. हात धुवायला गेलं असेल, असं मला वाटलं. आमचं जेवण झालं, चहा झाला, त्या जागेवर कुणी आलं नाही. मासा निवून त्याची कातडी आक्रसली. आम्ही निघताना मालकीण तिथे गेली, तिनं वाडग्याचं झाकण उचललं, उलटं करून आतल्या बाजूला पाहिलं, आणि तिचा चेहरा सैल झाला. मग सगळं उचलून ती आत गेली.

पुढच्या खेपेला चाचांनी सांगितलं. तिचा नवरा कोळी होता. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा होडी घेऊन गेला तो परत आला नाही. होडीही मिळाली नाही. तेव्हापासून ती जिथे असेल तिथे त्याचं पान मांडते. तिच्या गावाकडे लांब गेलेल्या माणसासाठी घरचे असं करतात. लेकीला त्याचा जपानी शब्द माहीत होता. तिनं त्याचा अर्थ सांगितला, सावलीचं जेवण. आणि भाताच्या झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरले असतील तर तो माणूस जिवंत आहे, सुखरूप आहे, असं मानतात. दर वेळी थेंब धरायचे म्हणून मालकिणीनं इतक्या वर्षांत नवऱ्याचं क्रियाकर्म होऊ दिलं नव्हतं. सासरचे सांगून थकले होते.

घरी येताना गाडीत मी लेकीला म्हटलं, अगं, गरम भातावर थंड झाकण ठेवलं तर थेंब धरणारच. ते नेहमीच धरणार.

"ऑफ कोर्स, आई," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "दॅट्स द पॉइंट."

पुढे आम्ही शुक्रवारी दुपारी तिथे जेवायला जाऊ लागलो. दर शुक्रवारी नाही, पण बऱ्याचदा. सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघींना घर मोठं वाटायचं. माझा नवरा मालवाहू जहाजावर चीफ इंजिनीयर. मधली काही वर्षं कुवेतमध्येच किनाऱ्यावरची नोकरी करत होता, त्यामुळे आम्ही इथे स्थिरावलो. पण त्याला जमिनीवर करमेना. तो पुन्हा जहाजावर गेला आणि माझी नोकरी व लेकीची शाळा यांमुळे आम्ही इथेच राहिलो. मालकिणीनं एकदा लेकीमार्फत चौकशी केली, वडील कुठे असतात. लेकीनं सांगितलं, समुद्रावर. मालकीण माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं नुसती मान हलवली.

त्यानंतरच्या शुक्रवारी पाहते तर काउंटरच्या टोकाला दोन पानं मांडलेली. शेवटच्या खुर्चीपुढे एक, तिच्या शेजारी दुसरं. मला विचारावं लागलं नाही.

आपल्याकडे न आलेल्या माणसाचं पान कधी वाढतात? पितृपक्षात. ज्याच्या नावानं वाढायचं तो गेलेला असतो. इथे माझ्या धडधाकट नवऱ्यासाठी तिनं भात वाढला होता, मासा ठेवला होता, आणि माझ्याकडे असं बघत होती की जणू फार मोठी भेट दिली आहे. ती भेटच होती, हे मला कळत होतं. लेक मात्र हरखून गेली. तिनं फोटो काढून वडिलांना पाठवायचा ठरवला. मी तिला ते करू दिलं नाही.

रात्री झोप लागणार नाही म्हणून संध्याकाळीच सासूबाईंना फोन केला. त्यांचा जन्म खलाशांच्या घरातला आणि संसारही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जित्या माणसाचं पान मांडू द्यायचं नाय." मी म्हटलं, बरं, पुढच्या वेळी तिला सांगते. त्या घाईनं म्हणाल्या, "आता मांडलंन ना? मग उचलायला पण सांगू नको."

मी तिथेच अडकले. जाणं बंद केलं तर मीच त्याचं पान उचलल्यासारखं होणार, आणि गेले तर ते बघत जेवावं लागणार. मी जात राहिले. मालकीण दर वेळी आमच्यासमोर आधी तिचं झाकण उचलायची, मग माझं. दोन्हींना टपोरे थेंब धरलेले असायचे. ती मला झाकण दाखवायची, मी मान डोलवायचे. मनातल्या मनात मी स्वतःला वाफेचं शास्त्र सांगायचे आणि तरी थेंब दिसेपर्यंत माझा श्वास अडकलेला असायचा.

हळूहळू काही गोष्टी माझ्या लक्षात येऊ लागल्या. मी पर्स त्या खुर्चीवर ठेवत नव्हते. गर्दी असली तरी इतर गिऱ्हाइकं त्या बाजूला सरकत नव्हती. नवीन कुणी आलं तर त्या दोन खुर्च्यांपाशी येऊन क्षणभर थांबायचं आणि आपसूक दुसरीकडे जायचं, कुणी काही सांगितलेलं नसताना. आणि ताटांवरची वाफ सरळ वर जात नव्हती. खुर्च्यांच्या दिशेनं झुकायची. मी एसीची जाळी कुठे आहे ते शोधलं. ती खुर्च्यांच्या वर होती, म्हणजे हवा खुर्च्यांकडून आमच्याकडे येत होती. वाफेनं आमच्याकडे झुकायला हवं होतं. मी हे लेकीला सांगितलं नाही. पण एकदा जेवताना तिनंच विचारलं, "आई, डझ इट लूक लाइक समवन्स ब्रीदिंग इट इन?" मी तिला म्हटलं, जेव गुपचूप.

मग तो धुळीचा दिवस आला. उन्हाळ्याच्या तोंडाला कुवेतमध्ये धूळ उठते ती आम्हाला नवी नाही. पण त्या शुक्रवारी सकाळपासूनच आभाळ नारिंगी झालं होतं, आणि दुपारी तर समोरच्या इमारतीही दिसेनात. नवऱ्याचा आदल्या दिवसापासून मेसेज नव्हता. त्यातही नवीन काही नव्हतं. काही भागांत जहाजावरचं इंटरनेट रडतखडत चालतं. मी घरीच थांबायचं ठरवलं होतं. पण जेवणाची वेळ जवळ येऊ लागली तशी मला घरात बसवेना. लेकीनं एका शब्दानं विचारलं नाही. बूट घालून दारात उभी राहिली.

रस्त्यावर गाड्या दिवे लावून रांगत होत्या. जिना चढून गेलो तेव्हा आत आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. पडद्याच्या फटीतून येणारा उजेडही नारिंगी होता आणि त्यात भिंतीवरच्या होड्यांचे फोटो ओले दिसत होते. दोन्ही पानं मांडून झाली होती. आमच्या डोळ्यांत, केसांत, दातांत धूळ. मालकिणीनं खुणेनं सांगितलं, आधी तोंड धुऊन या. आम्ही दोघी मागे गेलो. डोळ्यांतली धूळ जायला वेळ लागला.

परत आलो तेव्हा मालकीण टोकाच्या दोन खुर्च्यांसमोर उभी होती, दोन्ही हात काउंटरवर टेकून. चाचा खिडकीत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी मान खाली घातली आणि सुरीला धार लावायला घेतली. आम्ही बसलो. नेहमी ती झाकणं जेवणाच्या शेवटी उचलायची. त्या दिवशी तिनं लगेच उचलली. आधी माझ्या नवऱ्याचं. थेंब होते, मोठे मोठे, एक तर माझ्यासमोर घरंगळून भातात पडला. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. मग तिनं आपलं झाकण उचललं.

ते कोरडं होतं.

त्यावर दमटपणाची साधी छटाही नव्हती. लाखेचा काळा रंग आतून चकचकीत, आरशासारखा. भातातून वाफ येत होती. मला ती दिसत होती. मी इंजिनीयर आहे, त्या वाफेचं झाकणावर पाणी व्हायलाच हवं होतं. तिनं पदरासारखं कमरेला खोचलेलं फडकं काढलं आणि ते कोरडं झाकण पुसायला लागली. पुसण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं. तरी ती पुसत राहिली. मग जपानीत हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

लेकीचा चेहरा उतरला होता. मी विचारलं, काय म्हणते?

"शी सेज, इट्स ओके," लेक म्हणाली. मग पहिल्यांदाच आपणहून मराठीत म्हणाली, "आता झालं, असं म्हणते."

आम्ही कसंबसं जेवलो. मला तिची दया येत होती, आणि खरं सांगायचं तर आपलं झाकण ओलं निघालं याचा आनंद त्या दयेच्या वर तरंगत होता.

घरी पोचलो आणि फोन आला. मुंबईहून, नवऱ्याच्या कंपनीतून. फोनवरचा माणूस आधी घाबरू नका म्हणाला. जहाजाच्या इंजिनरूममध्ये आग लागली होती. नवरा आत होता. भाजलं होतं, धूर छातीत गेला होता, पण जिवंत होता, आणि जवळच्या बंदरावर उतरवून त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज ऐकला. घोगरा, अनोळखी, पण त्याचाच. आग नेमकी कोणत्या वेळी लागली आणि आम्ही तेव्हा कुठे होतो, हे मी जुळवून पाहिलं नाही. आयुष्यभर वेळा जुळवणाऱ्या बाईनं तेवढी एक वेळ जुळवली नाही.

तो धोक्याबाहेर आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मी पेढ्यांचा डबा घेऊन शर्कमध्ये गेले. मालकीण नव्हती. ती गावी गेली होती. दुकान चाचा आणि एक मदतनीस मिळून कसंबसं चालवत होते. काउंटरच्या टोकाला एकही पान नव्हतं. चाचांनी पेढा घेतला, कपाळाला लावल्यासारखा केला, आणि हातातच धरून ठेवला.

"ताई, तिनं बोलू नको सांगितलंन," ते म्हणाले. "पण माझ्या पोटात राहत नाय."

मी खुर्चीवर बसले.

"त्या दिवशी तुम्ही तोंड धुवायला गेल्यात ना, तेव्हा तिनं दोन्ही झाकणं उघडलीन. कोरडं होतं ते तुमच्या साहेबांचं होतं. तिच्या माणसाचं ओलं होतं, रोजच्यासारखं. भात एकाच भांड्यातला, मी स्वतः काढून दिलेला." ते थांबले. "ती बघत राहिली. मग दोन्ही वाडगे इकडचे तिकडे केलेन."

त्यांनी एवढंच पुढे सांगितलं, की ती गावी गेली आहे ती नवऱ्याचं क्रियाकर्म करायला. सासरच्यांना तिनं स्वतःच फोन करून कळवलं, की आता करून टाकू या.

त्या दिवशी समुद्रालगतच्या रस्त्यावर गाडी उभी करून मी बराच वेळ बसून राहिले. जिवंत असल्याची जी खूण त्या बाईनं इतकी वर्षं जपली होती, ती तिनं उचलून माझ्यापुढे ठेवली होती. आणि मी तिच्यासमोर बसून हायसं वाटून घेतलं होतं. मला तिचे पाय धरावेसे वाटत होते आणि त्याच वेळी तिची भीतीही वाटत होती. वाडगे बदलल्यानं काही होतं, असं मी मानत नाही. पण मग मला घाम का फुटला होता?

नवरा हॉस्पिटलमधून सुटून कुवेतला आला तेव्हा खांद्यापासून कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. तो फार बोलणाऱ्यांतला नाही. जहाजावरच्या गोष्टी तर आम्हाला कधी कळतच नाहीत. एका दुपारी लेक शाळेत असताना त्याची पट्टी बदलत होते, तेव्हा तो आपणहून बोलायला लागला. दिवे गेले होते, धुरानं हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. वर जायची शिडी कुठे आहे ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं, पण त्या वेळी दिशाच कळेना. तो चुकीच्या बाजूला, आगीकडे सरकत होता, हे त्याला नंतर समजलं.

"कुणीतरी माझं मनगट धरलं," तो म्हणाला. "आणि ओढत नेलं. शिडीचा गज हाताला लागेपर्यंत सोडलं नाही. मला वाटलं, थर्ड इंजिनीयर असेल."

मी विचारलं, तोच होता ना?

"तो आधीच वर गेला होता. सगळेच वर होते. मी एकेकाला विचारलं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "हात ओला होता गं. त्या भट्टीत. समुद्रातून आत्ताच वर काढल्यासारखा थंड आणि ओला."

मी पट्टी गुंडाळत राहिले. माझी बोटं गार पडली होती ती त्याला जाणवली असावीत, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो विषय तिथेच सोडला. वाडग्यांचं मी त्याला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

मालकीण परत आल्याचं चाचांनी कळवलं तेव्हा आम्ही तिघं जेवायला गेलो. ती अशक्त झाली होती, केस बारीक कापले होते. नवऱ्याला पाहून ती काउंटरच्या बाहेर आली आणि त्याच्यापुढे खाली वाकली. इतकी, की तो गोंधळून गेला. मग तिनं त्याला हात दाखवून काउंटरच्या टोकाची खुर्ची दिली. शेवटची. लेकीनं माझा हात घट्ट धरला. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो जाऊन बसला, बाही सारखी केली आणि भूक लागल्याचं म्हणाला.

तिनं त्याच्यासाठी सगळं स्वतः केलं. चाचांना हात लावू दिला नाही. मीठ लावून भाजलेला मासा, माकूळ, शेवाळाचं सूप, भात. आणि तो जेवत असताना ती समोर उभी राहून बघत होती. त्याच्या चेहऱ्याकडे फारसं नाही, हातांकडे. माझा नवरा किनाऱ्यावर वाढलेला. त्यानं मासा असा खाल्ला की मागे फक्त काट्याची फणी राहिली. भाताचा दाणा उरला नाही. त्या जागेवरचं ताट रिकामं झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मालकिणीच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. ती दमलेली दिसत होती, आणि तृप्त.

तो हात धुवायला गेला तेव्हा मी लेकीला म्हटलं, माझं बोलणं तिला सांग. मी आभार मानायला गेले आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. आगीत कुणीतरी त्याचं मनगट धरून त्याला शिडीपर्यंत ओढत नेलं, तेवढं मी सांगून टाकलं. लेकीनं ते आधी ऐकलेलं नव्हतं. ती मध्येच थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा बोलू लागली. मालकिणीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला.

"आई, ती विचारते, हात कोरडा होता की ओला?"

मी म्हटलं, ओला.

मालकीण हसली. मग सावकाश, लेकीला समजेल अशा बेतानं बोलली. लेकीनं ते मराठीत सांगितलं, अडखळत, शब्द शोधत. तो होडीवरून आला की हात न पुसताच घरात यायचा. दाराला, भांड्यांना, तिच्या कपड्यांना, सगळ्याला पाणी लावायचा. ती त्याच्यावर ओरडायची. "आणि ती म्हणते," लेक म्हणाली, "मी त्याला रोज जेवायला बोलवत राहिले. तो रोज येत राहिला. त्याला कुठे जाताच आलं नाही."

तेवढ्यात नवरा परत आला आणि आम्ही सगळ्याच गप्प झालो. त्यानं विचारलं, काय झालं? लेक म्हणाली, "नथिंग, बाबा."

नवरा पाच-सहा महिने घरी होता. मग डॉक्टरांनी परवानगी दिली आणि तो पुन्हा जहाजावर गेला. मी अडवलं नाही. अडवून तो थांबला नसता, आणि आमच्याखातर थांबला असता तर नुसता खिडकीबाहेर बघत राहिला असता. त्या शुक्रवारी मी टोकाच्या खुर्चीकडे बोट दाखवून मालकिणीला खुणेनंच स्पष्ट सांगितलं, की आता त्याचं पान मांडू नका. तिला समजवायला लेकीची गरज पडली नाही. तिनं दोन्ही तळवे उघडून दाखवले. तिला तेच म्हणायचं होतं.

आता त्या टोकाच्या खुर्च्यांवर कुणीही बसतं. गेल्या महिन्यात तिथे एक तरुण लॅपटॉप उघडून नूडल्स खात होता. तिथे आता बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी त्याच्याकडे दोन-तीनदा पाहिलं. वाफ सरळ वर जात होती.

लेक आता परीक्षांत अडकली आहे, म्हणून कधी कधी मी एकटीच मालकिणीबरोबर सकाळी मासळी बाजारात जाते. तिला मराठी येत नाही, मला जपानी येत नाही, आणि दोघींची अरबी भाव करण्यापुरती. ती माशाचे कल्ले उघडून बघते, मी पोट दाबून बघते. कधी ती मान हलवते, कधी मी. मग आम्ही पुढच्या टोपलीकडे जातो.